विष टाकून देणारा जंतू

मेंढीचं रक्त मिसळलेल्या जेलीवर जंतूंचा एक ठिपका ठेवला आणि ती थाळी रात्रभर शरीराइतक्या उबेत राहू दिली, तर सकाळी त्या ठिपक्याभोवती एक पारदर्शक कडं उमटतं. बाकीची थाळी लालच असते. कड्यातून मात्र पलीकडचं दिसतं, कारण तेवढ्या जागेतल्या रक्तपेशी जंतूने सोडलेल्या विषाने फुटलेल्या असतात. हे कडं मी पहिल्यांदा पाहिलं ते परळच्या एका संशोधन संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर, माझ्या धाकट्या बहिणीच्या हातात. तिने बंद थाळी उजेडाकडे धरली. कड्यातून मला समोरच्या इमारतीची खिडकी, खिडकीचा गज आणि गजावर वाळत घातलेला निळा रुमाल दिसला.

"दिसला रुमाल?" तिने विचारलं.

"दिसला."

"मग झालं. कडं म्हणजे विष. कडं नाही तर विष नाही. पेपरवाल्यांना एवढं पुरे."

मी तेव्हा एका मराठी दैनिकात उपसंपादक होते. काम दुपारी तीनला सुरू व्हायचं, सकाळ मोकळी असायची. बहीण त्या संस्थेत पीएच.डी. करत होती आणि तिचं अक्षर वाईट होतं. या दोन कारणांमुळे मी आठवड्यातून दोनदा तिच्याबरोबर डिलाईल रोडवरून चालत परळला जायचे आणि प्रयोगशाळेच्या बाहेरच्या खोलीत बसून रिकाम्या थाळ्यांवर आकडे घालायचे. तिच्या मार्गदर्शक प्राध्यापिकेने तशी परवानगी दिली होती. सगळे त्यांना मॅडम म्हणत, मीही तसंच म्हणेन. आतल्या खोलीत मला प्रवेश नव्हता. ती पहिली थाळी सोडली तर आतलं मी दाराच्या काचेतून पाहिलं, किंवा बहिणीने बंद थाळी काचेशी आणून धरली तेव्हा पाहिलं. आकडा झाकणावर घालायचा नाही, बुडावर घालायचा, हा मला शिकवलेला पहिला नियम. झाकणांची अदलाबदल होते.

जंतू तसा सगळ्यांच्या ओळखीचा. गळू, नखुरडं, ऑपरेशननंतर चिघळलेली जखम, यांतल्या पुष्कळ वेळा हात त्याचाच असतो. थाळीवर त्याच्या वसाहती फिकट सोनेरी दिसतात, खसखशीच्या दाण्याहून थोड्या मोठ्या. एकेका वसाहतीत कोट्यवधी जंतू असतात आणि ते सगळे एकाच जंतूपासून झालेले असतात.

आमची आई परळच्याच एका रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या वॉर्डात परिचारिका होती आणि नुकतीच निवृत्त झाली होती. तिला हा जंतू थाळीवरून नाही, खाटांवरून ठाऊक होता. मांडीवर साधं गळू घेऊन स्वतःच्या पायाने चालत आलेला धडधाकट माणूस चार दिवसांत कसा गेला, हे तिने आम्हाला लहानपणी एकदा सांगितलं होतं आणि पुन्हा कधी सांगितलं नाही. बहिणीचा विषय ठरला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "हात धुऊन घरात यायचं. ते घरी आणायचं नाही."

"घरी आणलेलं कुणी, ते बघूया का?" बहीण म्हणाली.

मॅडमना विचारून तिने एके सकाळी आईच्या आणि माझ्या नाकात कापसाची काडी फिरवली आणि दोन्ही काड्या घेऊन गेली. दोन दिवसांनी मोबाईलवर फोटो आला. माझ्या थाळीवर हा जंतू नव्हता. आईच्या थाळीवर होता. सोनेरी, भरगच्च, आणि प्रत्येक वसाहतीभोवती रुंद कडं.

आईने चष्मा लावून फोटो मोठा करून पाहिला. "हे माझ्या नाकात?"

"तुझ्याच. किती वर्षं असेल कोण जाणे."

"आणि मला काही झालं कसं नाही? तुम्हाला कसं नाही झालं?"

"आई, पगार तोच प्रश्न विचारायचा देतात मला."

कितीतरी निरोगी माणसांच्या नाकात हा जंतू मुकाट्याने राहतो, हे मी नंतर वाचलं. तोच जंतू दुसऱ्या कुणाच्या रक्तात उतरला की माणूस चार दिवसांत जातो. विष तेच असतं. ते कधी सोडायचं आणि कधी नाही, हे कशावरून ठरतं, हा बहिणीच्या प्रबंधाचा विषय होता. आईने त्या दिवशी जेवताना दोनदा नाकाला हात लावला.

हे शोधण्याची रीत मला सुरुवातीला रानटी वाटली. एखादा भाग काय करतो हे कळत नसेल, तर तो मोडायचा आणि काय बंद पडतं ते पाहायचं. या जंतूत अडीच हजारांच्या आसपास जनुकं असतात. डीएनएचा एक असा तुकडा असतो, जो कुठेही उडी मारून घुसतो आणि ज्या जनुकात घुसतो ते मोडतो. जंतूंच्या मोठ्या समूहात हा तुकडा सोडला की एकेकात एकेक जनुक मोडतं. कुणात कुठलं, ते आधी सांगता येत नाही. जनुक बिघडलेल्या अशा जंतूला म्युटंट म्हणतात. मग हजारो म्युटंट एकेक करून रक्ताच्या थाळीवर ठेवायचे. ज्याच्याभोवती कडं उमटणार नाही, त्याच्यात मोडलेला भाग विषाशी संबंधित असणार. तो भाग कुठला, हे मग वाचून काढता येतं.

एकेक करून ठेवायचे म्हणजे दात कोरायच्या काडीने. एका वसाहतीला एक काडी टेकवायची, ती नव्या थाळीवर टेकवायची, फेकायची. पुढची वसाहत, पुढची काडी. सहा हजारांवर म्युटंट होते. काड्या मस्जिद बंदरच्या बाजारातून यायच्या, पण खोक्यात त्या कशाही पडलेल्या असायच्या, आणि कामाला त्या स्टीलच्या डब्यांत एकाच तोंडाने उभ्या लावून, वाफेत शिजवून निर्जंतुक केलेल्या लागायच्या. शिजवणं संस्थेत व्हायचं, लावणं आमच्या चाळीच्या गॅलरीत. आई, शेजारच्या दोन काकू आणि मी. एक काकू म्हणाली, "पूर्वी आम्ही मण्यांच्या माळा ओवायचो, आता ह्या काड्या. निदान ह्याला शिक्षण तरी म्हणतात."

संस्थेत वाफेचं यंत्र चालवणारे काका होते, मालवणकडचे. डबे घेऊन गेलो की ते दारातूनच सुरू व्हायचे.

"काय गो बाय, परत काड्यो? देवळात लोकां येवढ्यो उदबत्त्यो लावनत नाय, जितक्यो तू ह्या जंतवांका लावतंस."

"काका, पावला तर पहिला पेढा तुम्हाला," बहीण म्हणायची.

"पेढो नको. सुट्टी घे म्हणतंय मी."

त्या सहा हजारांत कडं नसलेले नऊ निघाले. एका थाळीवर पन्नास वसाहती, एकोणपन्नास कडी, आणि मध्येच एक ठिपका कड्याविना. बहीण अशी थाळी काचेशी आणून धरायची आणि मी एकोणपन्नास खिडक्यांमध्ये एक बंद खिडकी शोधायचे. ती सापडली की अंगावर काटा यायचा. नऊही वेळा आला.

नवांपैकी आठांमध्ये मोडलेलं जनुक पुस्तकात आधीपासून होतं. त्याने बहिणीची पद्धत बरोबर असल्याचं सिद्ध झालं, इतकंच. नवव्यात मोडलेलं जनुक कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ते जंतूत असतं हे माहीत होतं. ते काय करतं हे जगात कुणालाही माहीत नव्हतं. आणि ते मोडलं की विष बंद होतं, असं परळच्या तिसऱ्या मजल्यावर दिसत होतं.

पुढचं दीड वर्ष तिने त्या एका जनुकावर घातलं. प्रबंधाची दोन प्रकरणं त्यावर झाली. मॅडमनी आणि तिने मिळून शोधनिबंध लिहिला आणि एका परदेशी नियतकालिकाकडे पाठवला. फेलोशिपचे पाच महिने उरले होते. निबंध छापून आला की प्रबंध सादर करायचा, असं ठरलं होतं. तिचं सगळं त्या नवव्यावर उभं होतं.

नियतकालिकाने निबंध नाकारला नाही. तपासणाऱ्यांनी एक मागणी केली: मोडलेल्या जनुकाची चांगली प्रत त्या जंतूत परत घाला आणि कडं परत येतं हे दाखवा.

बहिणीला यात वावगं काही वाटलं नाही. "बरोबरच आहे," ती म्हणाली. "फ्यूज काढला, दिवा गेला. म्हणजे दिवा त्याच फ्यूजवर होता असं नाही. नेमकी त्याच वेळी सगळ्या गल्लीची वीज गेली असेल. फ्यूज परत घातला आणि दिवा लागला, तरच खरं."

तिने चांगली प्रत घातली. कडं आलं नाही.

तिने प्रत पुन्हा बनवली, पुन्हा घातली. प्रत जंतूत पोचली आहे आणि काम करते आहे, हे वेगळं तपासून घेतलं. कडं आलं नाही. तीन आठवडे गेले. मॅडम म्हणाल्या की या जातीच्या जंतूत बाहेरून घातलेली जनुकं कधीकधी नीट चालत नाहीत, हे तपासणाऱ्यांनाही ठाऊक असतं; तसं स्पष्ट लिहूया, बरेच जण लिहितात, बहुधा चालेल. एवढं सांगून त्या चार दिवसांसाठी दिल्लीला बैठकीला गेल्या.

उत्तराचा मसुदा बहिणीने लिहायला घेतला आणि अर्धवट सोडला. तिला आणखी एक चाचणी सुचली होती, आणि ती कुणी मागितली नव्हती.

जंतूंनाही विषाणूंची लागण होते. काही विषाणू एका जंतूतून बाहेर पडताना चुकून आपल्या पोटात त्या जंतूच्या डीएनएचा तुकडा भरून घेतात आणि पुढच्या जंतूत तो नेऊन टाकतात. हे विषाणू इतके लहान असतात की थाळी समोर असूनही दिसत नाहीत. त्यांच्यामुळे मेलेले जंतू दिसतात. माणसाने या चुकीला कामाला लावलं आहे. नवव्या म्युटंटमधलं मोडकं जनुक विषाणूंकरवी एका ताज्या, धडधाकट जंतूत न्यायचं. बाकी सगळं शाबूत, फक्त हे एक जनुक मोडकं. त्या ताज्या जंतूचं कडं गेलं, तर दोष या जनुकाचाच. ताजा जंतू तिने तळमजल्यावरच्या खोल गारठ्याच्या फ्रीजरमधून आणला. तिथे संस्थेचे मूळ जंतू ठेवलेले असतात.

चाचणीचा निकाल शनिवारी सकाळी आला. मजल्यावर आम्ही दोघी आणि खाली यंत्रापाशी काका, एवढेच होतो. मी बाहेरच्या खोलीत आकडे घालत होते. बहीण आत गेली, उबेच्या कपाटातून थाळी काढली, पाहिली, आणि काचेपाशी आली. तिने थाळी माझ्या डोळ्यांसमोर धरली.

वीस वसाहती होत्या. वीसही वसाहतींत ते जनुक मोडकं होतं. वीसही वसाहतींभोवती रुंद, स्वच्छ कडं होतं.

मी काचेतून ओठांनी विचारलं, "म्हणजे?"

ती बाहेर आली. हातमोजे काढून डब्यात टाकले, हात धुतले, स्टुलावर बसली. "म्हणजे त्याचा काही संबंध नाही. ते जनुक निर्दोष आहे. दीड वर्ष मी त्याच्यावर आरोप ठेवला."

"मग त्या नवव्यात विष का नव्हतं?"

"माहीत नाही." मग तिने विचारलं, "ताई, तुमच्याकडे चुकीची बातमी छापली तर काय करता?"

"खुलासा."

"कुठे?"

"छापली त्या पानावर. नियमाने."

"आणि नियम सोडून?"

"आतल्या पानावर. खाली. बारीक टायपात."

ती हसली, पण तेवढ्यापुरतीच. "माझी तर अजून छापलीपण नाहीये. मसुदा तयार आहे. 'परत घालणं या जातीत जमत नाही.' ते खोटं नाही. जमलं नाहीच आहे. आणि ही थाळी तुझ्या-माझ्याशिवाय कुणी बघितली नाही."

ती परत आत गेली. थाळी तिने परत उबेत ठेवली नाही, फ्रीजमध्ये ठेवली. तेवढं मला कळलं: टाकून दिली नव्हती.

रविवारी तिने आईला सांगितलं. आई मेथी निवडत होती. जनुक आणि विषाणू तिला किती समजले ते माहीत नाही, पण फेलोशिपचे उरलेले थोडे महिने आणि दोन प्रकरणं तिला लगेच समजली.

"सगळेच तसं लिहितात म्हणतेस ना?"

"बरेच जण."

"मग कुणाला कळणार आहे?"

आई असं म्हणेल असं मला वाटलं नव्हतं. बहिणीलाही वाटलं नसावं. ती म्हणाली, "आई, आमचं वाचून उद्या कुठेतरी एखादी मुलगी हेच जनुक घेऊन बसेल. तीन वर्षं घालवेल. त्यानंतर तिला कळेल."

आई मेथीच्या काड्या वेगळ्या करत राहिली. "ती मुलगी तुला ओळखतपण नाही."

"नाही."

"मग तुझं तू ठरव. फक्त लवकर ठरव. मला असलं लोंबकळलेलं सोसत नाही."

मंगळवारी मॅडम परतल्या. त्यांच्या खोलीचं दार बाहेरच्या खोलीत उघडत होतं आणि ते सहसा उघडंच असायचं. बहीण थाळी घेऊन आत गेली. मी उठून जायला हवं होतं. उठले नाही.

"मॅडम, मी एक चाचणी केली. तुम्हाला न विचारता."

तिने थाळी पुढे ठेवली आणि निकाल सांगितला. मग मॅडमचा आवाज आला, तो रागाचा नव्हता. "म्युटंट ज्या जंतूंपासून बनवले, ते कुठल्या नळीतले?"

"अकराव्या."

"अकराव्या म्हणजे अकराव्या आठवड्याच्या?"

"हो."

"नळ्या आहेत अजून?"

"त्या सहा महिन्यांच्या सगळ्या आहेत. सव्वीस."

"घेऊन ये."

नळ्यांचा प्रकार असा होता. मूळ जंतू तळमजल्याच्या फ्रीजरमध्ये. त्याची किल्ली दुसऱ्या विभागाकडे, उघडायला अर्ज आणि सही. शिवाय तो वारंवार उघडला तर आतला गारठा जातो आणि सगळ्यांचे जंतू मरतात, ही भीती. म्हणून तिसऱ्या मजल्यावर वर्षानुवर्षांची पद्धत होती. जंतू खालून सहा महिन्यांतून एकदाच आणायचा, काचेच्या नळीत तिरप्या गोठवलेल्या जेलीवर वाढवायचा, साध्या फ्रीजमध्ये ठेवायचा. दर सोमवारी गेल्या आठवड्याच्या नळीतला थोडा घेऊन नवी नळी लावायची. पुढच्या सोमवारी तिच्यातून पुढची. जुन्या नळ्या तशाच ठेवून द्यायच्या. घरात दही लावतात तसंच. कालच्या दह्याचं विरजण आजच्या दुधाला, आजचं उद्याला, आणि मूळ विरजण कधी, कुणाकडून आणलं होतं हे कुणाला आठवत नाही. दही एक दिवस तारेला येतं, आंबट होतं, तेव्हा आपण वाटी घेऊन शेजारी जातो. नळीतला जंतू चवीने सांगत नाही.

जंतू नळीत निवांत असतो. अन्न तयार, उब मापात, मारायला कुणी येत नाही, फोडायला रक्तपेशी नाहीत. विष बनवायला त्याला बरीच शक्ती खर्च करावी लागते आणि इथे त्या विषाचा उपयोग शून्य. कोट्यवधींमध्ये एखाद्याची विषाची कळ आपोआप बिघडते. बाहेर असता तर तो हरला असता. इथे त्याची शक्ती वाचते, तो इतरांहून जास्त वाढतो, आणि दर सोमवारी नव्या नळीत त्याचे वंशज जास्त जातात. अकराव्या आठवड्याच्या नळीत असे निःशस्त्र झालेले फार थोडे असणार. त्यांतल्या एकात उडी मारणारा तुकडा योगायोगाने त्या नवव्या जनुकात घुसला. विष आधीच गेलेलं होतं. तुकडा नंतर आला आणि पकडला गेला.

मॅडमनी हे सगळं बहिणीला समजावून सांगितलं असं नाही. दोघींनी ते एकमेकींची वाक्यं पुरी करत शोधून काढलं. शेवटी बहीण म्हणाली, "विरजणासारखं चालवलं मी, मॅडम."

"मीच शिकवलं तुला तसं," मॅडम म्हणाल्या. "मला माझ्या सरांनी शिकवलं. नळीत ठेवून ठेवून विष जातं, हे पुस्तकात आहे. मी वर्गात शिकवते. आणि वर्ग संपला की इथे येऊन सोमवारची नळी लावते." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "माझ्या स्वतःच्या प्रबंधातल्या नळ्या आता नाहीत. असत्या तर आज उघडल्या असत्या."

खोलीतून बाहेर आल्यावर बहिणीने मला पाहिलं. मी अजून तिथेच होते हे तिला दिसलं, पण ती रागावली नाही. म्हणाली, "सव्वीस थाळ्या लागतील. आकडे घालायला बस."

मी बुडावर एक ते सव्वीस आकडे घातले. रक्त काकांनी दुसऱ्या दिवशी मागवून दिलं. प्रत्येक नळीतले जंतू पातळ करून तिने त्या त्या आकड्याच्या थाळीवर पसरले, आणि शुक्रवारी सकाळी सव्वीसही थाळ्या आतल्या लांब टेबलावर खालून उजेड येणाऱ्या काचेवर ओळीने मांडल्या. मी दाराशी उभी होते. माझ्यासाठी तिने दाराच्या काचेवरचा पडदा पूर्ण सरकवला.

पहिल्या थाळीवर कड्यांची दाटी होती, सगळा लाल रंग चाळणीसारखा झालेला. दुसरी तशीच. तिसरी, चौथी तशीच. आठवीपर्यंत मला फरक दिसला नाही. नवव्या थाळीवर तिने बोट रोखलं. तिथे एक ठिपका होता, भोवती लाल. अकराव्या थाळीवर दोन. तेराव्यावर चार-पाच. सतराव्यापासून मी मोजणं सोडून दिलं. विसाव्यावर लाल रंग परत आल्यासारखा वाटत होता. सव्विसाव्या थाळीवर अर्ध्याहून जास्त वसाहती नुसत्या सोनेरी ठिपक्यांसारख्या होत्या, मोठ्या, तजेलदार, एकमेकींना रेटून वाढलेल्या, आणि त्यांच्याखालचं रक्त अखंड होतं.

सहा महिन्यांत, एका साध्या फ्रीजच्या दुसऱ्या फळीवर, कुणी काही केलेलं नसताना, या जंतूने आपलं विष टाकून दिलं होतं. आईच्या नाकातल्या जंतूने ते टाकलेलं नव्हतं. त्याला अजून उपयोग होता असं समजायचं. वॉर्डातल्या त्या माणसाला ज्याने चार दिवसांत नेलं, त्याच जातीचा हा जंतू. मी पंधरा वर्षं बातम्या लावत होते आणि शस्त्रं टाकल्याच्या पुष्कळ बातम्या लावल्या होत्या. त्यांतली एकही अशी ओळीने मांडून, खालून उजेड देऊन पाहायला मिळाली नव्हती. काका वाफेच्या यंत्रासाठी डबे घ्यायला वर आले होते, तेही माझ्यामागे उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "आयशप्पत, ह्येका कोणी शिकयल्यान?"

बहीण आत मान खाली घालून मोजत होती.

निबंध मागे घेण्याचं पत्र मॅडमनी आणि तिने त्याच दुपारी लिहिलं. सहा ओळींचं होतं. मी वाचलं. तिसऱ्या ओळीत "दुर्दैवाने" अशा अर्थाचा एक शब्द होता, तो काढायला मी सुचवलं. बहिणीने तो काढला. बाकी काही बदललं नाही.

फेलोशिप संपली. पुढचे अकरा महिने तिने सकाळी दादरच्या एका शिकवणी वर्गात बारावीचं जीवशास्त्र शिकवलं आणि दुपारी परळला काम केलं. ताजा जंतू खालून आणला; त्यासाठी अर्ज आणि सही दरवेळी. तिसऱ्या मजल्यावरची सोमवारची नळी मॅडमनी बंद केली. आठ जनुकांवर तिने प्रबंध उभा केला. आठही आधीपासून माहीत असलेली, पण प्रत्येक जनुकाची मोडतोड ताज्या जंतूत नेऊन तपासलेली. नववं शेवटच्या प्रकरणात होतं, पाऊण पान.

प्रबंधाची तोंडी परीक्षा खुली असते, घरच्यांना मागे बसता येतं. आई नवी साडी नेसून आली होती. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते, हळू बोलत. आठ जनुकांबद्दल त्यांनी तासभर विचारलं. मग पानं उलटत म्हणाले, "हे नववं. याचा विषाशी संबंध नाही, हे तुम्ही नीट दाखवलंय. मग हे करतं काय?"

"माहीत नाही, सर."

"काही अंदाज?"

"होता. तो चुकला. नवा अजून बांधलेला नाही."

सभागृहात कुणीतरी हसलं. परीक्षक हसले नाहीत. त्यांनी टाचणवहीत काहीतरी लिहिलं. आईने माझ्या कानाशी विचारलं, "नापास?"

"नाही गं. लिहून घेतायत."

"काय लिहितायत, 'माहीत नाही'?"

"बहुतेक."

परीक्षकांनी मान वर केली. "अडीच हजारांतलं एक," ते म्हणाले, "आणि जंतू ते इतकी युगं सांभाळून आहे. काहीतरी करत असणारच." मग ते थोडा वेळ तसेच थांबले, जणू उत्तर समोरच्या टेबलावरून येईल. ते आलं नाही, तेव्हा त्यांनी वही मिटली आणि बहिणीला बसायला सांगितलं.